तुम्ही विचारलंत म्हणून: पोथ्या छापणं का बंद केलं

श्रावण तोंडावर आला की कोणीतरी विचारतंच, अहो तुमच्या प्रेसचा शिवलीलामृताचा अकरावा अध्याय मिळायचा, तो का बंद केलात? मालवणच्या बाजारात उभं राहून मी वीस वर्षं एकच उत्तर देतोय, की ऑफसेटची नवी छपाई आली, खिळे म्हणजे शिशाची अक्षरं जुळवणारी माणसं मुंबईला गेली, परवडेना. वर कोणीतरी शहाणा धार्मिक पुस्तकं छापणाऱ्या गीता प्रेसचं उदाहरण देतो, ते बघा किती स्वस्तात देतात. अहो, त्यांच्यामागे संस्था आहे, आमच्यामागे एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन, आणि सोसायटीचं कर्ज.

पण गीता प्रेसचा विषय निघालाच तर एक सांगतो. तिचे संस्थापक जयदयाल गोयंदका, त्यांनी कलकत्त्यात गीता छापून घेतली, त्यात चुका निघाल्या, तक्रार केली तर छापणारा म्हणाला एवढं शुद्ध हवं तर स्वतःचा छापखाना काढा, आणि 1923 साली गोरखपूरला तो निघाला, असं सांगतात. म्हणजे चुकीतून सुरू झाला. आमचं नेमकं उलटं झालं.

पुस्तिका बत्तीस पानांची. आठ कागद एकात एक घालायचे, मधोमध दोन पिना. मे महिन्यात हे काम आम्हा पोरांचं, शंभराला अमुक पैसे, त्यामुळे हात भराभर चालायचे. मी बारा वर्षांचा. काही प्रतींत सगळ्यात आतला कागद घालायचा राहिला, चौदाव्या पानानंतर थेट एकोणीस. मीच केलं हे, भावाने नाही, इतकी वर्षं मी त्याच्यावर ढकलत आलो.

नऊ-दहा वर्षांनी आचऱ्याहून एक म्हातारी आली. लाल फडक्यात गुंडाळलेली पुस्तिका, हळदकुंकवाने कडा पिवळ्या. दर सोमवारी वाचायची. आमच्या छपाईत चौदावं पान संपतं तिथे शिवभक्त महानंदा आगीत उडी घेते. शंकर तिला वरच्यावर झेलतो ते पुढच्या पानावर, आणि ते हिच्याकडे नव्हतंच, एकोणीसवर एकदम राजपुत्राचं सात दिवसांचं आयुष्य. तिला वाटायचं श्रीधरस्वामींनीच असं लिहिलंय, मोठ्या माणसांचं आपल्याला काय कळतंय. मग लेकीच्या सासरी दुसरी पोथी कानावर पडली.

चिडली असती तर बरं झालं असतं. बाबांना म्हणाली, "झिला, माझी महानंदा इतकी वर्सां आगीतच रवली मा?" आणि मग हळूच, की ह्या वाचलेल्याचा काय, ता देवाक पावला की नाय?

बाबांनी मशीन थांबवलं. नवीन प्रत देऊ केली, तिने घेतली नाही, हीच हवी. मग त्यांनी एका प्रतीतून मधला कागद सोडवून हिच्या प्रतीत घातला, पिना मारल्या, आणि तिने तिथेच स्टुलावर बसून ती चार पानं मोठ्याने वाचली. मी शाईच्या डब्यामागे. बोललो नाही.

त्या रात्री बाबांनी शिल्लक गठ्ठा सोडून एकेक प्रत तपासली. तीन तशाच निघाल्या. विकल्या गेलेल्यांचं काय, ते कोण सांगणार? पुढच्या श्रावणासाठी कागद आणलाच नाही. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, दशावताराची हँडबिलं यांवर आलो.

आता मी वीस वर्षं सांगितलेलं सगळं खोटं होतं का? नाही, ऑफसेट खरंच आला, दोन-चार वर्षांत बंद झालंच असतं. तेव्हाचा मी असंच भांडायचो, की चार पानांसाठी कोणी धंदा सोडतं का, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात पंडित प्रुफं बघायचे, आमच्याकडे बारा वर्षांची पोरं होती, बाबांनीच बसवली होती. हे अजूनही मला पटतं. पण बाबा गेले तरी मी त्यांना सांगितलं नाही की तो मी होतो, आणि त्यांना माहीत नव्हतं असंही वाटत नाही.

गेल्या सोमवारी देवगडला एका घरी गेलो होतो. देवघरात आमची पुस्तिका, तेच निळं कव्हर. हात पुढे झाला होता, तेवढ्यात त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आंघोळ झालीय ना?" एसटीतून आलेलो. मग चहा घेतला आणि निघालो.