हिरवा रकाना

आमच्या अभ्यासाच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढचा रकाना हिरवा होता. रुमॅटिक फीव्हर म्हणजे घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या संसर्गानंतर येणारा, सांधे आणि हृदयाच्या झडपा सुजवणारा आजार. तो एकदा येऊन गेलेल्या मुलांना पुन्हा येऊ नये म्हणून दर २८ दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायचं, वर्षाला १३. त्यातली ८० टक्के झाली की रकाना आपोआप हिरवा. याची ११ झाली होती, म्हणजे जवळपास ८५ टक्के. खरं सांगायचं तर हिरवी नावं मी वाचतही नसे, लाल नावांमागे लागण्यातच वेळ जायचा.

त्या सकाळी तो वार्षिक इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, आईबरोबर आला. वय १४. दोन जिने चढून आला आणि बाकावर बसला, पण धाप काही थांबेना. स्टेथोस्कोप लावल्यावर मागच्या वर्षी कान देऊन ऐकावा लागलेला आवाज आता पार काखेपर्यंत ऐकू येत होता. इकोत मायट्रल झडपेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची, गळती दिसली. मागच्या वर्षी ती बारीक धारेसारखी होती, आता डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, मागच्या भिंतीवर जाऊन आदळत होती. डावी जवनिका, म्हणजे खालचा कप्पाही फुगला होता.

"मध्ये कधी सांधे दुखले का?"

"गुडघा सुजला होता, मग घोटा," आई म्हणाली. "दुखायची गोळी दिली, दोन दिवसांत उतरलं. म्हणून नाही आलो."

या आजाराची हीच खोड आहे. सांध्यांचं दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात जातं, साध्या गोळीनं झटकन बरं होतं आणि मागे काही ठेवत नाही. झडपेचं तसं नसतं. घसा दुखल्याचं विचारलं, तर दोघांनाही काही आठवेना. त्याचंही नवल नाही, बऱ्याच जणांना आठवत नाही. रक्तात मात्र एएसओ, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धची प्रतिद्रव्यं, आणि शरीरातली सूज दाखवणारं सीआरपी दोन्ही चढलेले होते. म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस नुकताच येऊन गेला होता आणि सूज अजून चालू होती. रुमॅटिक फीव्हरचा हा दुसरा झटका होता.

मग मी कार्ड मागितलं. पहिली दहा इंजेक्शनं अगदी वेळेवर. तेरावं दोन आठवड्यांपूर्वी. अकरावं आणि बारावं कोरं.

"एकदा औषधच आलं नव्हतं," आई म्हणाली. "पुढच्या वेळी यानंच नको म्हटलं. परीक्षा होती, बसता येत नाही म्हणे."

मुलगा खाली बघत होता. त्याला दोष देणं मला जमेना. हे औषध दाट असतं, सुईत अडकतं आणि दिल्यावर कुल्ला दिवसभर ठणकतो.

मी कागदावर आकडे मांडले. दोन इंजेक्शनं वर्षात लांब लांब चुकली असती, तर २८-२८ दिवसांची दोन भोकं पडली असती. ही लागोपाठ चुकली. दहाव्यानंतर थेट ८४ दिवसांनी तेरावं, म्हणजे सलग ५६ दिवस काहीच आधार नाही. रक्तातलं पेनिसिलिन तर पुष्कळ मुलांत २८ दिवस पुरतही नाही, तिसऱ्या आठवड्यातच पातळी घसरलेली असते. टक्केवारीला यातलं काही कळत नाही. तिच्या लेखी दोन म्हणजे दोन.

युगांडातली एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. इकोवरच दिसणारा, लक्षणं नसलेला झडपेचा आजार असलेली ८१८ मुलं त्यात होती. दोन वर्षांत इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न मिळालेल्यांपैकी ८.२ टक्के. आमच्याकडे हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ आहेत. त्या मुलांनी जवळजवळ एकही इंजेक्शन चुकवलं नव्हतं, ही ओळ मात्र कोणी म्हणून दाखवत नाही. मीही नाही.

त्याला दाखल करून घेतलं, विश्रांती आणि लघवी वाढवणारी औषधं सुरू केली. स्टेरॉइडवर वॉर्डात नेहमीसारखी चर्चा झाली. सूज आणि धाप आवरायला ती देतात, पण त्यानं पुढे झडप वाचते असं कुठल्याही चाचणीनं नीट दाखवलेलं नाही. एकदा झटका आला की झडपेसाठी आपल्या हातात फारसं काही उरत नाही.

संध्याकाळी नोंदवहीत नवा रकाना घातला: शेवटच्या इंजेक्शननंतर २८ दिवस उलटल्यावर उघड्यावर गेलेले दिवस. ही मोजणी मी शोधलेली नाही, काही ठिकाणी ती आधीपासून वापरतात. आम्ही वापरत नव्हतो, एवढंच. हिरव्या नावांतली कित्येक एका क्षणात लाल झाली. आमच्या गटातले एक ज्येष्ठ म्हणाले, "अहो, अभ्यासाचे निकाल बिघडतील." बिघडू देत, म्हटलं.

सुट्टी देताना आईला सांगितलं, "ताई, आता दर २१ दिवसांनी यायचं. आणि औषध संपलंय असं कोणी म्हणालं, तर घरी न जाता तिथूनच मला फोन करायचा." किती वर्षं, ते तिनं विचारलं. पहिल्या झटक्यानंतर वयाच्या २१पर्यंत तरी असं सांगितलेलं होतं. झडप आता कायमची बिघडली असेल तर ४०पर्यंत, हे सांगताना माझा आवाज जरा खाली गेला.

मुलगा इतका वेळ गप्प होता. बोटांवर काहीतरी मोजत होता.

"म्हणजे वर्षाला तेराऐवजी सतरा," तो म्हणाला. "कधी कधी अठरा."

मी हिशेब करून पाहिला. बरोबर होता.