उजवा शिफ्ट तिसरा हिस्साच निघाला: वायरलेस संचाची महिनाभराची नोंद

दिवस १, शनिवार

टीव्हीएस गोल्ड या माझ्या वायरच्या कीबोर्डाला रात्रपाळीतून रजा द्यायची वेळ आली ती बाबांमुळे. त्याच्या कळांखालच्या, चेरी कंपनीच्या निळ्या स्विचचा टकटकाट मला दिवसा गोड वाटतो. पण रात्री साडेअकराला विकिस्रोतावर (जुन्या पुस्तकांचं मुक्त ऑनलाइन ग्रंथालय) मुद्रितशोधन करत बसलो की पलीकडच्या खोलीतून आवाज येतो, "अरे, एवढ्या रात्री कुणाचा पंचनामा लिहितोयस?" बाबा पंचायत समितीत टंकलेखक होते. नुसत्या आवाजावरून किती ओळी झाल्या ते सांगतात.

म्हणून हा संच आणला. चपटा कीबोर्ड, माउस आणि लॅपटॉपला लावायचा नखाएवढा रिसिव्हर, हजाराच्या जरा वर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्या या किमतीच्या कितीतरी संचांना लागू पडतील. दिवसा ऑफिसचं काम, बहुतेक इंग्रजी आणि एक्सेल. रात्री मराठीची दोन पानं, इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कळ-आराखड्यात. गोल्डवर माझा मराठीचा वेग मिनिटाला ३६ शब्द, तो मापाला धरलाय.

गोल्डची कळ ४ मिलिमीटर खाली जाते आणि साधारण मध्यावर टक् करते, अक्षर तिथेच उमटतं. या कीबोर्डाची कळ त्याच्या निम्मीच जाते, आणि खाली रबराची टोपी. पहिला तासभर बोटं लादीवर आपटल्यासारखी वाटत होती. आवाज मात्र भात शिजताना झाकण हलतं तेवढाच. बाबा झोपले.

दिवस ३

थोडा वेळ हात लावला नाही की हा कीबोर्ड झोपतो. बॅटरी वाचवायची तर झोपायलाच हवं, पण जागा होताना पहिली कळ गिळतो. इंग्रजीत एक अक्षर कमी पडलं तर नुसती चूक दिसते. मराठीत नव्या ओळीवरचं पहिलं व्यंजन गेलं की मागून आलेला काना निराधार होतो आणि टिंबाटिंबांच्या गोलाला लटकतो. मी 'काल' लिहायला गेलो, पडद्यावर आलं गोल, काना, ल. आता बसल्याबसल्या आधी एकदा शिफ्ट दाबतो. गिळायचाच असेल तर तो गिळ म्हणावं.

दिवस ४ ते ९

खरं दुखणं शिफ्टचंच आहे. इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा, बाकीच्यांनी सोडला तरी चालेल.

इन्स्क्रिप्टमध्ये डावा हात मुख्यतः स्वरांचा आणि उजवा व्यंजनांचा. नुसती कळ दाबली की मात्रा, तीच शिफ्टबरोबर दाबली की पूर्ण स्वर. इंग्रजी 'ई'च्या कळीवर काना आहे, शिफ्ट दिला की आ. 'आर'वर दीर्घ वेलांटी, शिफ्ट दिला की ई. 'डी'वर हलन्त, शिफ्ट दिला की अ. म्हणजे शब्द स्वराने सुरू झाला की डावं बोट अक्षरावर आणि उजवी करंगळी उजव्या शिफ्टवर, जवळजवळ दर वेळी. आणि, अजून, आता, इथे, उद्या, एक... मराठीचं एक वाक्य त्याच्याशिवाय पुरं होत नाही.

नेहमीच्या कीबोर्डावर एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंत १९.०५ मिलिमीटर असतात. उजवा शिफ्ट त्याच्या पावणेतीनपट, म्हणजे ५२ मिलिमीटरच्या आसपास. या कीबोर्डावर पट्टी लावली तर १८! बाण बसवायला जागा करायची म्हणून शिफ्ट कापला आणि करंगळीला जिथे शिफ्ट सापडायचा तिथे वर जाणारा बाण आणून ठेवला.

परिणाम ऐका. मी 'आई' लिहिलं. करंगळी बाणावर पडली, कर्सर एक ओळ वर गेला आणि काना तिथल्या कुठल्यातरी शब्दाला जाऊन चिकटला. ई लिहिताना पुन्हा बाण, कर्सर आणखी एक ओळ वर, वेलांटी तिथे. आई शोधायला दोन ओळी वर जावं लागलं. मुद्रितशोधनात हे फार वाईट, कारण आपण पुढे बघत असतो आणि नासाडी मागे होत असते. आधी तपासून झालेली दोन पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली.

पहिल्या आठवड्याचा वेग ३१. त्यातही निम्मा वेळ खोडण्यात.

उजव्या कडेच्या बाकीच्या कळा मात्र जागच्या जागी आहेत, हे न्यायाने लिहायला हवं. ॉ आणि ऑ ज्या कळीवर असतात ती, उलट्या तिरप्या रेघेची, एंटरच्या वर पूर्ण मापाची आहे. उभ्या मोठ्या एंटरच्या काही कीबोर्डांवर ती भलतीकडे सरकवलेली असते, आणि मग डॉक्टर, ऑफिस, कॉलेज सगळ्यांना शोधत फिरावं लागतं. ड आणि ट सुद्धा याच कडेला असतात, त्यांच्या रुंदीलाही कात्री लागलेली नाही. दुसऱ्या, तऱ्हा यांतला ऱ 'जे'वर शिफ्टने येतो, पण तिथे डावा शिफ्ट लागतो आणि तो चांगला ऐसपैस आहे.

दिवस १०

मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत साधनसंचात कळांची अदलाबदल करणारा कीबोर्ड मॅनेजर आहे. त्यात वरच्या बाणाला उजवा शिफ्ट करून टाकला आणि वरचा बाण मेनूच्या कळीवर पाठवला. त्या कळीला मी आजवर हात लावला नव्हता. पाच मिनिटांचं काम. 'आई' पहिल्या फटक्यात आली.

दिवस १२

पुरवणी: लॉगिनच्या पडद्यावर ही अदलाबदल चालत नाही, तिथे बाण बाणच राहतो. माझ्या पासवर्डात डाव्या हाताची कॅपिटल अक्षरं आहेत, सकाळी तीनदा चुकला. तिथे डावा शिफ्ट वापरायचा हे एका कागदावर लिहून पडद्याला चिकटवलंय. (पासवर्ड नाही लिहिला.)

दिवस १४

माउस अडखळायला लागला. सरळ रेघेत नेला तरी पावसातल्या रिक्षासारखा गचके देत जायचा. आधी वायफायवर संशय, म्हणून लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेला. फरक शून्य. मग लक्षात आलं की हे फक्त बॅकअप चालू असताना होतं. रिसिव्हर डाव्या बाजूला आणि त्याला खेटून बाहेरच्या हार्ड डिस्कची यूएसबी ३ची वायर. इंटेलने २०१२मध्येच हे सविस्तर मांडलंय: यूएसबी ३ वेगात चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते, आणि हे रिसिव्हर नेमके त्याच पट्ट्यात बोलतात. मीटरभर लांबीची एक्स्टेन्शन वायर आणली आणि रिसिव्हर कीबोर्डाशेजारी आणून ठेवला. गचके गेले. वायरलेस संचासाठी वायर विकत आणल्याबद्दल बाबांनी जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

दिवस १८

बाबांच्या टेबलावर काच आहे, खाली नातवंडांचे फोटो. माउस काचेवर ठार मेला. खालचा डोळा पृष्ठभागाचे फोटो भराभर काढतो आणि दोन फोटोंमधल्या फरकावरून आपण किती हललो ते ठरवतो. गुळगुळीत काचेवर त्याला धरायला खूणच सापडत नाही. लग्नपत्रिकेचं जाड पाकीट ठेवलं, छान चालला. माउसबद्दल यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही. हातात बसतो, क्लिक हलकी आहे, ठेवणार.

दिवस २०

बाबांची परीक्षा. त्यांना रेमिंग्टनचा, म्हणजे जुन्या टाइपरायटरचा, आराखडा बसवून दिला. सरकारी परीक्षेची मराठी ४० (मिनिटाला ४० शब्द) पास झालेला माणूस, अजूनही ओळ संपली की डावा हात कॅरेज सरकवायला हवेत जातो. त्यांनी दहा मिनिटं मारून पाहिलं आणि हात काढून घेतले. "कळ दाबली की नाही ते बोटाला कळत नाही रे. डोळ्यांनी बघावं लागतं. मग ते टायपिंग कसलं?" कॅप्स लॉकचा दिवा कुठाय, हेही त्यांनीच विचारलं. दिवा नाहीच. बॅटरी वाचवायला काढून टाकलाय, लॉक चालू आहे की नाही ते नशिबावर.

दिवस २३

सुरक्षेबद्दल विचारणा झाली म्हणून थोडक्यात. २०१६मध्ये बॅस्टिल नावाच्या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ब्लूटूथ नसलेल्या बऱ्याच संचांच्या रिसिव्हरला शंभरेक मीटरवरून खोट्या कळा पाठवता येतात. या कीबोर्डाच्या खोक्यावर १२८ बिटचं एईएस कूटलेखन (कळांचे संदेश सांकेतिक करून पाठवणं) लिहिलंय, माउसबद्दल अवाक्षर नाही. घरी मला पुरेसं आहे. बँकेच्या काउंटरवर मी वायरचाच कीबोर्ड मागितला असता.

दिवस २९

वेग ३४. बॅटरी दोन्हीकडे पहिलीच चालू आहे, त्यावर आत्ताच बोलणं घाईचं होईल.

दिवस ३०, रविवार

सहा इंची पट्टी घेऊन पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. तीन खोकी उघडून उजवा शिफ्ट मोजला. पहिल्याचा १८, दुसऱ्याचा ३३. तिसऱ्याचा चक्क ५२, पण आकड्यांच्या कळांसकट तो एवढा लांब की माउसला टेबलाबाहेर जागा द्यावी लागली असती. दुकानदार म्हणाला, "साहेब, लोक माउसचा डीपीआय विचारतात. शिफ्ट मोजणारे तुम्हीच पहिले." रिकाम्या हाताने परत आलो. तूर्त बदललेल्या बाणावरच भागवतोय.

गोल्ड बाबांनी त्यांच्या टेबलावर नेलाय, रेमिंग्टनसकट. हात बसलेला राहावा म्हणून सराव करतात, पहाटे साडेपाचला.