हलू नका

"आजी, या कुत्र्याला दोन डोकी का आहेत?"

मी चहात आलं किसत होते. सहा महिन्यांसाठी लेकीकडे सिडनीला आलेल्या आईचा दिवस कसा जातो, हे ज्या येऊन गेल्यात त्यांना सांगायला नको. सकाळी डब्यांची धांदल, मग घर चिडीचूप, आणि दुपारी नातू शाळेतून आला की पुन्हा जाग. पाचवीत इथल्या मुलांना सोन्याच्या शोधाचा धडा असतो. आपल्याकडे शिवाजी महाराज चौथीत, तसं. त्याचा प्रकल्प चालला होता आणि लॅपटॉपवर एक दीडशे वर्षांपूर्वीचं दुकान उघडलं होतं.

लाकडी फळ्यांचं, वर झाडाच्या सालीचं छप्पर. दारात चार बाप्ये, उंबऱ्याशी कडेवर मूल घेतलेली एक बाई, आणि पुढे धुळीत खरोखरच दोन तोंडांचा कुत्रा. पायही मोजले तर सहा भरले असते.

"हलला असेल," मी म्हटलं.

एवढ्यावर त्याचं समाधान झालं आणि तो पुढच्या फोटोकडे गेला. मी मात्र त्यात अडकले ती अडकलेच. पुढचे दोन आठवडे घर रिकामं झालं की मी तो लॅपटॉप उघडून बसायची.

हे फोटो गल्गाँगचे आणि हिल एन्डचे. सिडनीहून गाडीनं चार-पाच तासांवरची ही सोन्याची गावं. गल्गाँगजवळच्या टेकडीवर १८७० साली टॉम सॉन्डर्सला सोनं सापडलं, आणि जत्रेला लोटावेत तसे हवशे-नवशे-गवशे लोटले. दोनएक वर्षांत त्या परिसरात वीसेक हजार माणूस गोळा झालं. दगडविटांचं बांधायला वेळ कुणाला? आसपासची झाडं सोलली, सालीची छपरं घातली, समोरच्या बाजूला तेवढी ऐटदार पाटी लावली. गावाचं नाव मात्र त्या माळाच्या मूळ मालकांचं, विराजुरी लोकांच्या भाषेतलं. गल्गाँग म्हणजे खोल डोह. नाव त्यांचं राहिलं. मी पाहिले तेवढ्या फोटोंत, कुठल्या दारात ते दिसले नाहीत.

अशा गावात १८७२ साली ब्यूफॉय मर्लिन नावाचा फोटोग्राफर घोडागाडी घेऊन आला. गाडीतच अंधारखोली. बरोबर विशीतला मदतनीस, चार्ल्स बेलिस. त्या काळी फोटो काढणं म्हणजे स्वयंपाकच होता. धिरडं घालताना तवा फिरवून पीठ कडेपर्यंत नेतो ना, तसं काचेच्या तुकड्यावर कोलोडिऑनचं चिकट द्रावण ओतून काच फिरवायची. मग ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत गाडीत पळत जाऊन धुवायची. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांचा. त्यातले काही सेकंद समोरच्यांनी हलायचं नाही. जो हलला तो भूत झाला. कुत्र्याला हे सांगणार कोण?

त्या काचेला निळा रंग पांढरा दिसायचा आणि लाल काळा. म्हणून या सगळ्या फोटोंत आभाळ कोरं आहे, एक ढग नाही, आणि निळ्या डोळ्यांची माणसं जरा भेसूर दिसतात. तेवढं सोडलं तर स्पष्टपणा असा की आजच्या फोननं लाजावं. सिडनीच्या स्टेट लायब्ररीनं या काचा स्कॅन करून ठेवल्या आहेत. मोठं करत जा, करत जा. खिडकीतल्या बाटल्या दिसतात, भिंतीवरच्या जाहिराती वाचता येतात, कोटाचं बटण तुटलेलं कळतं. माझा जन्म पुण्यात गेल्यामुळे मला पाट्या वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गल्गाँगच्या मेन स्ट्रीटवर एका चिंचोळ्या दुकानाचं नाव होतं, 'द ग्रेटेस्ट वंडर ऑफ द वर्ल्ड'. जगातलं सर्वांत मोठं आश्चर्य! एवढा आत्मविश्वास सदाशिव पेठेतही मी पाहिलेला नाही.

पण मला नवल वाटत होतं ते वेगळंच. मर्लिननं ही दोन्ही गावं जवळजवळ दुकान-दुकान, घर-घर करून टिपली. आणि जवळपास प्रत्येक फोटोत माणसं दाराबाहेर येऊन उभी. खाटीक आहे, शिंपी आहे, दारूच्या गुत्त्याचा मालक आहे. झोपडी असली तर झोपडीपुढे अख्खं कुटुंब, पोरं कुंपणावर. आत बसून काम करताना कुणी नाही. फोटो घराचा आहे की माणसांचा, तेच कळेना. त्यातून ही सगळी धावणारी माणसं. पुढच्या डोंगरात सोनं लागलं अशी कुणकुण आली की रात्रीतून पालं उचलणारी. ती अशी खिळल्यासारखी कशी उभी राहिली? आणि त्यासाठी पैसे का मोजले?

उत्तर माझ्याच फोनमध्ये होतं. लेक पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिनं पाठवलेला पहिला फोटो ऑपेरा हाउसचा नव्हता. भाड्याच्या फ्लॅटच्या बंद दारापुढे दोघं उभी, जावयांच्या हातात किल्ली. दार अगदीच सामान्य, तपकिरी. मी तो फोटो किती वेळा मोठा करून पाहिला असेल! पायपुसणं आहे का, दाराला साखळी आहे का, लेक वाळलीय का. मर्लिनच्या छोट्या फोटोंच्या प्रतीही अशाच आयर्लंडला, इंग्लंडला, जर्मनीला कुठल्या कुठल्या आईकडे गेल्या असणार. बघ, छप्पर आहे. बघ, पाटीवर आपलं आडनाव आहे. बघ, सून आणि बाळ. सोनं लागलं की नाही, ते पत्रात लिहायचं किंवा नाही लिहायचं. फोटोत दार दिसलं की झालं.

मला उगाच वाटतं, त्या आयांनी कुत्र्याबद्दलही विचारलं असेल.

मर्लिनला पैसे पुरवणारा पुढे भेटला तो होल्टरमन. हा हॅम्बुर्गचा. हिल एन्डच्या हॉकिन्स हिलवर 'स्टार ऑफ होप' नावाच्या खाणीत त्याची भागीदारी होती. १९ ऑक्टोबर १८७२ च्या रात्री तिथे गारगोटीत भरलेल्या सोन्याचा एक अजस्र तुकडा निघाला: वजन सुमारे २८६ किलो, उंची जवळजवळ माणसाएवढी, आणि त्यात नव्वद किलोच्या वर सोनं असल्याचा अंदाज. पुढे तो फोडून, दळून सोनं काढलं. त्या तुकड्याशेजारी हात ठेवून उभ्या होल्टरमनचा फोटो ऑस्ट्रेलियात घरोघरी माहीत असावा इतका प्रसिद्ध आहे. आणि तो जोडकामाचा आहे. माणूस एका फोटोतला, तुकडा दुसऱ्यातला, मागची ओसरी तिसऱ्यातली. साडेतीन हजार खऱ्या फोटोंमध्ये नाव झालं ते या एका खोट्याचं. मला तो मुळीच आवडत नाही. त्याला दार नाही.

होल्टरमनचं म्हणणं, या वसाहतीची चित्रं जगभर दाखवली तर माणसं इथे येतील. त्यासाठी त्यानं पैसा सोडला. पण मर्लिन १८७३ मध्येच फुप्फुसाच्या आजारानं गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी. दुनियेला 'थांबा' म्हणत स्वतः गावोगाव फिरलेला माणूस. पुढचं काम तेवीस वर्षांच्या बेलिसनं केलं. होल्टरमननं सिडनीत बंगल्यावर मनोरा बांधला आणि तिथून १८७५ मध्ये बंदराचं अवाढव्य चित्र घेतलं. ते फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनातही गेलं. हे सगळं थोर आहे, पण तिथे दारात कुणी उभं नाही, म्हणून मी तिथे फार रेंगाळले नाही.

रेंगाळले ती काचांच्या गोष्टीपाशी. होल्टरमन वारला, आणि या काचा विस्मरणात गेल्या. १९५१ साली कीस्ट बर्क नावाच्या, फोटोग्राफीचं मासिक चालवणाऱ्या संपादकानं माग काढला तेव्हा त्या सापडल्या सिडनीच्या चॅट्सवुड उपनगरात, परसातल्या शेडमध्ये. खाचा पाडलेल्या देवदारी पेट्यांत नीट रचून ठेवलेल्या. आणि शेड कुणाची? होल्टरमनच्या सुनेची! हे वाचल्यावर मी लेकीला मोठ्यानं हाक मारली. सासऱ्यांच्या जड, फुटक्या-बिनफुटक्या काचा कोण ठेवून घेतं? आमच्याकडे एव्हाना भंगारवाल्याकडून किलोनं हिशेब झाला असता, आणि मीही त्यात पुढे असते. पुढच्या वर्षी त्या लायब्ररीला दिल्या गेल्या. लेकीचं घर चॅट्सवुडपासून दोन स्टेशनांवर. आता स्टेशनला जाताना मी परसांतल्या शेडकडे बघत जाते. लोकांना वाटत असेल, बाई घर शोधतायत.

शेवटी एका शनिवारी आम्ही गल्गाँगला गेलोच. मेन स्ट्रीट अजून अरुंद आणि वळणाचा आहे, कितीतरी इमारती जागेवर आहेत. 'जगातलं सर्वांत मोठं आश्चर्य' आहे आणि शेजारचं तंबाखूचं दुकानही. दोन्ही मिळून २०१९ पासून या फोटोंचं संग्रहालय आहे. हेन्री लॉसन हा कवी-कथाकार लहानपणी या भागात वाढला. १९६६ साली निघालेल्या दहा डॉलरच्या नोटेवर त्याच्या मागे गल्गाँगची दुकानं छापली होती, याच फोटोंवरून घेतलेली. सोनं संपलेलं गाव कागदी नोटेवर जाऊन बसलं, यावर जावई बराच वेळ हसत होते. ते बँकेत आहेत.

परतताना वाट वाकडी करून हिल एन्डला गेलो. इथे उलटं. एके काळी आठ हजार वस्ती, अठ्ठावीस दारूचे गुत्ते. आता शंभरेक माणसं, एक हॉटेल, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी हिरवळ. तिच्यावर कांगारू चरतात. पण जिथे दुकान होतं तिथे, त्या रिकाम्या जागेपुढे, मर्लिनचा फोटो लावलेली पाटी उभी आहे. पाटीत सालीचं छप्पर, दारातली माणसं, पाटीमागे गवत.

नातू एका पाटीपाशी थबकला. मग पाटीला वळसा घालून मागे गेला आणि बरोबर दार असेल तिथे, कमरेवर हात ठेवून, फोटोतल्या शिंप्यासारखा उभा राहिला.

"आजी, काढ."

मी फोन धरला आणि तोंडातून आपोआप गेलं, "हलू नकोस हं."

त्यानं ऐन वेळी मान जोरजोरात दोन्हीकडे हलवली. मग धावत येऊन फोन हिसकावून घेतला. फोटोत तो ठणठणीत स्पष्ट, केस उडालेले, डोळे मिटलेले, डोकं एकच. त्यानं अजून चारदा काढायला लावला. एकातही दुसरं आलं नाही, तेव्हा गाल फुगवून गाडीत जाऊन बसला.