कुंड्यांना पाणी किती वेळा? तुम्ही विचारलंत म्हणून

होळी झाली की हा प्रश्न ठरलेला: गच्चीतल्या फुलझाडांना पाणी दिवसातून एकदा घालायचं की दोनदा? पुण्यात एप्रिलमध्ये चार दिवस रणरणतं ऊन, पाचव्या दिवशी आभाळ, संध्याकाळी वळीव. अशा हवेत आकडा सांगून काय उपयोग! मातीत दोन पेरं बोट खुपसा. ओल लागली तर पाणी नको, वरची माती कितीही पांढरी दिसू दे.

दुपारी तीनला जास्वंदीची पानं लोंबतात ती दर वेळी तहानेनेच असं नाही. पानांतून पाणी उडतं त्या वेगाने मुळांना ते ओढता येत नाही, एवढंच. ऊन उतरल्यावर पानं ताठ झाली तर झाड ठणठणीत आहे. सकाळीसुद्धा मान टाकलेली आणि माती ओलीच असेल, तर बहुधा मुळं कुजताहेत. तिथे आणखी पाणी आणि वर खत घालणं म्हणजे उरलंसुरलं झाडही घालवणं.

कोकोपीटची, म्हणजे मातीऐवजी कुंडीत भरतात त्या नारळाच्या काथ्याच्या भुश्याची, तऱ्हा उलटी. एकदा खडखडीत वाळलं की ते पाणी धरत नाही. तांब्याभर ओतलं की खालून लगेच वाहतं आणि कुंडी भिजल्यासारखी वाटते. खरं तर पाणी कडेच्या फटीतून निसटलेलं असतं. वरचा इंचभर थर खुरप्याने मोकळा करा, थोडं पाणी द्या, दहा मिनिटांनी पुन्हा द्या. लहान कुंडी सरळ बादलीत अर्धा तास बुडवा. मग दोन इंच सुका पाला पसरा, पण बुंध्यापासून लांब.

पाणी सकाळी आठच्या आत. दुपारी गच्चीवरच्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, मुळांना कसं सोसेल?

उन्हापासून आडोसा म्हणून बांधतात ती हिरवी जाळी मोगऱ्यावर नको. त्याला पाच-सहा तास ऊन लागतंच, सावलीत नुसता पाला माजतो. कळ्या जांभळट पडून गळत असतील तर एक उकलून पाहा, आत अळी सापडण्याची शक्यता जास्त. तशा कळ्या खुडून पिशवीत बांधून टाका, कुंडीत नकोत.

वळीव पडून गेला की आधी कुंड्यांखालच्या ताटल्या ओता, नाहीतर मुळं गुदमरतात आणि डासही होतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचंच पाणी चुकवू नका. पाऊस तिरका येतो, भिंतीलगतच्या कुंड्या अनेकदा कोरड्याच राहिलेल्या असतात.