तोरण्याहून राजगडाकडे, दिवस मावळल्यावर

तोरण्यावरून राजगडावर एका दिवसात जाणे हा सह्याद्रीत भटकणाऱ्यांचा जुना आणि आवडता बेत आहे. वेल्ह्यातून तोरणा चढायचा, बुधला माचीवरून धारेवर उतरायचे, त्या लांबलचक सोंडेवरून पूर्वेकडे चालत राहायचे, संजीवनी माचीखाली पोहोचून आळू दरवाजाने राजगडात शिरायचे आणि दिवेलागणीपूर्वी पायथ्याच्या गुंजवणे गावात उतरायचे, असा त्याचा क्रम असतो. नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही बावीसजण या वाटेने गेलो तेव्हा दिवेलागण संजीवनी माचीवरच झाली. कोणी वाट चुकले नव्हते, कोणाचा पाय मुरगळला नव्हता, हवाही स्वच्छ होती; तरीही पायथा गाठायला रात्रीचे साडेनऊ वाजले.

उशीर नेमका कोठे झाला, हे मला नंतर हिशेब मांडल्यावर अधिक स्पष्ट झाले. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला एक ठोकताळा आजही वापरला जातो : सुमारे पाच किलोमीटर चालीला एक तास आणि चढाईच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. धडधाकट माणसाच्या बाबतीत तो बऱ्यापैकी खरा ठरतो. तो गटाला मात्र लागू पडत नाही, कारण त्यात वाट पाहण्याचा वेळ धरलेलाच नाही. बुधला माचीच्या पुढे धारेवर उतरताना एक कातळटप्पा लागतो. अवघड असा तो नाही, पण तेथे एका वेळी एकानेच उतरावे लागते. आमच्या लीडरने आधाराला दोर लावला होता, आणि प्रत्येकाला साधारण तीन मिनिटे लागत होती. एकट्या माणसाची तीन मिनिटे ही बावीसजणांच्या गटात तासाहून अधिक होतात. पहिला उतरलेला खाली उन्हात बसून संत्री सोलत असतो आणि शेवटचा वर आपल्या पाळीची वाट पाहत उभा असतो. दोघांपैकी कोणालाही आपण वेळ घालवत आहोत असे वाटत नाही.

त्याखेरीज सकाळीच मेंगाई देवीच्या मंदिराजवळ न्याहारी रेंगाळली होती. छायाचित्रे तर प्रत्येक वळणावर निघत होती. १४०३ मीटर उंचीच्या तोरण्यावर वेल्ह्यातून चढून आल्यावर लोकांना घटकाभर टेकावेसे वाटणे स्वाभाविकच आहे, आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही. परंतु वर्षातील सर्वांत लहान दिवस डिसेंबरात असला, तरी पुण्याच्या परिसरात सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे सहाला काही मिनिटे कमी असतानाच. आपल्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली झपाट्याने उतरत असल्यामुळे संधिप्रकाशही फार रेंगाळत नाही. वीस-बावीस मिनिटांत पायाखालचा दगड आणि त्याची सावली यांतला फरक कळेनासा होतो.

धारेच्या मध्यावर भुतोंडे खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. या संपूर्ण वाटेवर सुटकेची जागा अशी ही एकच आहे. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. लीडरने सर्वांना एकत्र बोलावून विचारले, "ज्यांना थांबायचे आहे त्यांनी आत्ताच सांगा, गाडी इथे मागवता येईल." कोणीही हात वर केला नाही. माझ्या मते हा प्रश्न असा सर्वांसमोर विचारूच नये. वीस-एकवीस माणसांच्या देखत "मला जमणार नाही" असे म्हणणारा माणूस आपल्याकडे विरळा. आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले एक काका तोरणा उतरल्यापासून डावा पाय जपून टाकत होते, आणि ते कित्येकांना दिसत होते. त्यांना बाजूला घेऊन "काका, गुडघा काय म्हणतोय?" असे विचारले असते, तर ते कदाचित खरे बोलले असते. सर्वांसमोर मात्र त्यांनी "चला, चला" म्हणत काठी उचलली.

संजीवनी माचीच्या खालचा शेवटचा चढ घसाऱ्याचा आहे, आणि आमच्या साऱ्या दिवसातला धोक्याचा काळ हाच होता. अंधार तेव्हा पडलेला नव्हता. पडणार एवढे सर्वांना कळले होते. माणसे झपझप पावले टाकू लागली, पुढच्यांच्या पायाखालचे दगड मागच्यांवर येऊ लागले, आणि अजून दिसते आहे या भरवशावर कोणीही टॉर्च काढीना. संपूर्ण दिवसात कोणी घसरले नव्हते, ते या पाऊण तासात तिघे घसरले. खरचटण्यावर निभावले.

आळू दरवाजातून आत आल्यावर लीडरने जे केले ते मला त्या दिवसातले सर्वांत शहाणपणाचे वाटते. सूर्य मावळलेला असताना त्याने सर्वांना माचीवर बसवले आणि चक्क चहा ठेवला. एक-दोघांनी नाराजी दाखवली, "आधीच उशीर झालाय, त्यात हे कशाला?" असे पुटपुटणेही झाले. पण त्या अर्ध्या तासात पूर्ण काळोख झाला आणि घाई करण्याचे कारणच उरले नाही. स्वेटर निघाले, पाण्याच्या बाटल्या सारख्या वाटल्या गेल्या, आणि टॉर्चची मोजदाद झाली. बावीसजणांत डोक्याला लावायचे टॉर्च नऊ निघाले. उरलेल्यांची भिस्त मोबाइलवर होती, आणि दिवसभर छायाचित्रे काढून त्यांतले निम्मे मोबाइल विझत आले होते.

त्यानंतर चालण्याची शिस्त बदलली. टॉर्चवाल्यांना सलग न ठेवता दोघातिघांत एक असे विभागले. काकांना रांगेत दुसरे ठेवले, म्हणजे त्यांच्या चालीने सर्वांची चाल ठरू लागली. दिवसभर ते शेवटी होते आणि म्हणून त्यांना विश्रांतीच मिळत नव्हती, कारण ते थांब्यावर पोहोचत तेव्हा पुढचे उठून चालू लागलेले असत. टॉर्च कपाळाऐवजी कमरेपाशी धरावा, ही युक्ती मला त्या रात्री नव्याने कळली : प्रकाश खालून तिरपा पडला की दगडांच्या सावल्या लांब होतात आणि खाचखळगे उठून दिसतात, डोळ्यांच्या रेषेतून पडला की सारी वाट सपाट भासते. दर थोड्या अंतराने पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने आकडे म्हटले जात. हा प्रकार शाळेच्या सहलीसारखा वाटतो खरा, पण "बावीस" ऐकू येईपर्यंत कोणीही पाऊल उचलत नव्हते.

उतरण्याचा मार्गही बदलला. आमची गाडी आणि जेवण दोन्ही गुंजवण्यात होते, परंतु तिकडचा चोरदरवाजाचा उतार खडा आहे, आणि थकलेल्या पायांनी तेथे काळोखात उतरणे लीडरला मान्य नव्हते. पाली दरवाजाची वाट लांब पडली तरी रुंद, पायऱ्यांची आहे. राजधानीचा राजमार्गच तो. गाडीला फोन करून त्या बाजूच्या पायथ्याच्या पाली गावाकडे बोलावले. जेवण थंड होणार म्हणून थोडी कुरकुर झाली.

त्या दिवशी संकष्टी होती आणि आमच्यातल्या दोघींचा उपवास. चंद्रोदय आठ-साडेआठचा असल्याने पुढे उजेड मिळेल असा अनेकांचा अंदाज होता, पण पाली दरवाजा गडाच्या पश्चिमेच्या अंगाला. पूर्वेला उगवलेला चंद्र बालेकिल्ल्याच्या आड राहिला आणि आम्ही गडाच्याच सावलीतून उतरत राहिलो. चंद्र दिसला तो जवळजवळ पायथ्याशी आल्यावर. दोघींनी तेथेच पिशवीतला गूळ-खोबऱ्याचा प्रसाद वाटला आणि मगच गाडीत बसल्या.

वळसा घालून गुंजवण्यात जेवायला पोहोचेपर्यंत सव्वादहा झाले होते. ज्यांच्या घरी जेवण सांगितले होते त्या मावशींनी भाकऱ्या थापायच्या थांबवून ठेवल्या होत्या, त्यामुळे त्या गरमच मिळाल्या. पिठले तेवढे पुन्हा गरम करावे लागले. परतीच्या गाडीत पुढच्या वेळचा बेत ठरला : बारापेक्षा अधिक माणसे घ्यायची नाहीत, वेल्ह्यातून पहाटे साडेपाचला निघायचे, टॉर्च नसलेल्याला गाडीत बसू द्यायचे नाही, आणि भुतोंडे खिंडीत दुपारी एकपर्यंत न पोहोचल्यास राजगड पुढच्या खेपेला. शेवटच्या अटीवर गाडीत बराच वाद झाला. काकांनी मात्र तिला लगेच अनुमोदन दिले.