तिकिटं दोघांची होती

"वहिनी, खरंच भाऊजींना बेटावर सोडून बोटीत बसलात?"

लग्न असो, बारसं असो, पंगतीत हा प्रश्न येतोच, कारण नवरा ती गोष्ट रंगवून सांगतो. सगळे हसतात, मीही हसते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते.

हो. बसले.

२०२३चा सप्टेंबर, क्रोएशियाचा किनारा. स्प्लिटहून ब्राच, मग ह्वार, पुढे कोर्चुला. बरोबर ग्रुप नाही, गाइड नाही. बॅगा कंपनीची गाडी पुढच्या हॉटेलात पोचवणार, आपण फोनवरचा रस्ता बघत सायकल मारायची आणि बेट संपलं की फेरी पकडायची. "या वयात कशाला?" यावर मी बोलणार नाही. बोलून कंटाळले.

त्या दिवशी ह्वारवर येल्साहून पूर्वेच्या टोकाला, सुचुरायला जायचं होतं. पन्नासेक किलोमीटर, सगळा चढउतार. गावं मोजकी, दुकानं त्याहून कमी. डावीकडे समुद्रापलीकडे बियोकोवोचा १७६२ मीटरचा राखाडी डोंगर, आणि त्यावरून उतरणारा वारा. त्याचं नावच बुरा. जोर वाढला तर फेऱ्या बंद ठेवतात. त्या दिवशी तेवढा नव्हता, पण झोत आला की सायकल उजवीकडे सरकायची.

बोगोमोल्ये गाव मागे पडलं आणि नवऱ्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. दगडी बांधावर बसला. मी इलेक्ट्रलची पुडी बाटलीत हलवून दिली, पाय चोळून दिले. हे तो सांगत नाही. मग म्हणाला, "तुझ्या हौसेपायी." मीही काहीतरी बोलले, ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाला, "तू हो पुढे."

त्याचं म्हणणं, पुढे हो म्हणजे धक्क्यावर जाऊन थांब. असेल. बायकोला कळायला हवं, हेही कबूल. पण दोन वाक्यं आधी "तुझ्या हौसेपायी" ऐकलेल्या बाईला काय कळावं?

सुचुरायला पोचले. दोन माणसांची, दोन सायकलींची तिकिटं काढली. म्हणजे तोवर मनात काही नव्हतं, हे बघा. फेरीचा लोखंडी उतार खाली आलेला, नारिंगी जॅकेटवाला हात हलवून बोलावत होता. मी मागे रस्त्याकडे पाहिलं. मग सायकल ढकलत आत गेले.

ती शेवटची फेरी होती, असं मी आजवर सांगत आले. नव्हती. वेळापत्रकाचा फोटो माझ्याच फोनमध्ये होता. तेव्हा स्वतःला समजावलं, पलीकडे मुख्य भूमीवर, द्र्वेनिकला जाऊन त्याच्यासाठी गाडी बघते. गाडी काय समुद्रातून जाणार होती? त्याचे दोन फोन आले. वाऱ्यात ऐकू आले नाहीत, असं सांगितलं. एक ऐकू आला होता.

पस्तीस मिनिटांची खाडी हो, सात समुद्र नव्हेत! पण त्या पस्तीस मिनिटांत मी एका बाईला माझा फोटो काढायला सांगितला. त्यात मी हसतेय, चांगली दात दाखवून. तो फोटो घरात कुणी पाहिलेला नाही.

पाकीट माझ्या हँडलच्या पिशवीत, तिकिटं माझ्या खिशात. गोष्ट रंगवताना तो नेमकं हे गाळतो. साठीचा माणूस तिकीट खिडकीशी लंगडत उभा, खिशात युरोचं एक नाणं नाही. मागच्या जर्मन जोडप्याने त्याचं आणि सायकलचं तिकीट काढलं. हे त्याने मला त्या रात्री, पाठ करून झोपल्यावर, भिंतीकडे बघत सांगितलं. त्यानंतर कधीच नाही.

आज तशीच वेळ आली तर थांबेन का? थांबेन म्हणते. "तुझ्या हौसेपायी" आठवलं की खात्री देत नाही.

द्र्वेनिकच्या धक्क्यावर तो सायकल ढकलत उतरला तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही. एवढंच म्हणाला, "आधी त्यांचे पैसे दे. निळी गाडी."

मी पिशवीची चेन ओढेपर्यंत निळी गाडी किनाऱ्याच्या हमरस्त्याला लागली होती.