लाल दिवा

सकाळपासून नेट बंद. लँडलाइन त्याच फायबरवर, तीही मुकी. मी आपलं नेहमीचं केलं: राउटर बंद-चालू, मग पिन काढून फुंकर. (फुंकर का मारतो, देवाला ठाऊक.) कस्टमर केअरची बाई तीनदा म्हणाली, "रीस्टार्ट करा." अहो ताई, 'एलओएस'चा दिवा लाल आहे, म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. रीस्टार्टने तुटलेली वायर सांधते होय?

शोध लावला आईने. "काय व्हयनं रे भाऊ?" म्हणत ओट्यावर आली आणि बोट वर केलं. पहाटे केळीचा ट्रक गल्लीतून गेला, त्याने लोंबणारी वायर ओढत नेलेली. अर्धी निंबाच्या फांदीला.

रावेरच्या टळटळीत उन्हात लाइनमन पोरगा आला. केसाएवढा काचेचा धागा सोलला, स्पिरिटने पुसला, मशीनमध्ये जोडला. मीटरवर प्रकाशाची ताकद उणे 21 डीबीएम. "उणे 27 च्या खाली गेलं की कटकट सुरू," म्हणाला. वायर या वेळी उंच बांधून घेतली. आईने कळण्याची भाकरी-भरीत खाल्ल्याशिवाय त्याला सोडलं नाही.

आत्ता रात्री मेसेज आलाय: 'आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे.'